मैलापाणी शुद्धीकरण केंद्र नदीला कसं वाचवतं? (पाठ, गणित आणि वर्गातले उपक्रम)



जलप्रदूषणाचा पाठ आपण सगळेच शिकवतो. नद्या दूषित होतात, सांडपाणी प्रक्रिया करून सोडावे, कचरा टाकू नये. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत लिहितातही. पण 'प्रक्रिया करून' म्हणजे नेमकं काय करून, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. बरीच मुलं म्हणतात, "सर, औषध टाकतात" किंवा "मॅडम, गाळून घेतात." दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. खरं उत्तर जास्त मजेशीर आहे आणि ते सातवी-आठवीच्या मुलाला सहज समजतं.

या पाठात मुलांच्या मनात एकच गोष्ट पक्की बसवायची आहे : मैलापाण्यामुळे नदीतला ऑक्सिजन संपतो, आणि शुद्धीकरण केंद्र तो ऑक्सिजनचा खर्च नदीऐवजी आपल्या टाकीत करून घेतं. बाकी सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

१. सुरुवात घरापासून करा

मुलांना विचारा, "आज सकाळपासून तुम्ही किती पाणी वापरलं? ते आता कुठे आहे?" पहिल्या प्रश्नाला उत्तरं भराभर येतात. दुसऱ्याला "गटारात" एवढंच येतं. तिथून पुढचा रस्ता फळ्यावर काढा : घराचं न्हाणीघर, संडास, मोरी → सोसायटीची किंवा गल्लीची वाहिनी → मोठी वाहिनी → पंपिंग स्टेशन → शुद्धीकरण केंद्र → नदी.

आता थोडं गणित. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येतं, असं मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. चाळीस मुलांच्या वर्गाचं रोजचं सांडपाणी झालं ४३२० लिटर. दहा लाख वस्तीच्या शहराचं १०८० लाख लिटर, म्हणजे १०८ एमएलडी. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. वर्तमानपत्रात हा शब्द सतत येतो, त्यामुळे तो मुलांना इथेच समजावून द्या.

२. नदीला त्रास नेमका कशाने होतो?

इथे घाई करू नका, कारण पाठाचा गाभा हाच आहे.

नदीच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो. मासे, खेकडे, पाण्यातले किडे त्याच्यावरच जगतात. पण तो असतो किती? २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास. मिठाचे चार-दोन दाणे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही पुंजी किती तुटपुंजी आहे ते कळेल.

आता या पाण्यात मैलापाणी आलं. त्यात विष्ठा, उष्टं-खरकटं, तेल, साबण असं बरंच काही असतं. आपल्याला ती घाण वाटते, पण जिवाणूंना ते जेवण आहे. जेवण मिळालं की जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि ते जेवण पचवायला त्यांना ऑक्सिजन लागतो, जसा आपल्याला लागतो. तो ते पाण्यातूनच ओढून घेतात. मासा मरतो तो बऱ्याचदा विषाने नाही, तर गुदमरून.

ऑक्सिजन पूर्ण संपला की दुसऱ्या जातीचे, ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू निघतात. उन्हाळ्यात पुलावरून जाताना जो सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हाच.

पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, ते मोजतात. त्याला जैविक ऑक्सिजन मागणी, थोडक्यात बीओडी म्हणतात. मुलांना सांगताना मी 'नदीच्या डोक्यावरचं कर्ज' असं सांगतो. बीओडी जितका जास्त, तितका नदीला ऑक्सिजन जास्त मोजावा लागणार.

३. आता हे गणित मुलांकडून सोडवून घ्या

मैलापाण्याच्या नियोजनात एका माणसाचा रोजचा बीओडी साधारण २७ ग्रॅम धरतात. म्हणजे एका माणसाची रोजची घाण पचवायला २७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो.

• २७ ग्रॅम म्हणजे २७,००० मिलिग्रॅम.
• एक लिटर नदीच्या पाण्यात ऑक्सिजन ८ मिलिग्रॅम.
• २७,००० भागिले ८ = ३३७५ लिटर.

म्हणजे शुद्ध न केलेलं एका माणसाचं एका दिवसाचं सांडपाणी ३३७५ लिटर चांगल्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकतं. वर्गातल्या चाळीस जणांचं मिळून १,३५,००० लिटर!

आता तेच १०८ लिटर सांडपाणी चांगल्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलं आणि त्याचा बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमवर आला, असं धरा.

• १०८ गुणिले १० = १०८० मिलिग्रॅम.
• १०८० भागिले ८ = १३५ लिटर.

३३७५ वरून १३५! नदीवरचा भार पंचवीस पटींनी कमी झाला. हा आकडा मुलांनी स्वतः काढला पाहिजे. आपण सांगितला तर विसरतील, त्यांनी काढला तर घरी जाऊन सांगतील.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगा : हा हिशोब सोपा करून मांडलेला आहे. वाहत्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन पुन्हा मिसळत असतो आणि घाण एका दिवसात पूर्ण पचत नाही. म्हणून तर नदी थोडी घाण स्वतःच पचवू शकते. जुन्या काळी लहान गावांचं भागून गेलं ते त्यामुळेच. पण लाखोंच्या शहराचं मैलापाणी आलं की नदीची ती ताकद पुरत नाही.

४. केंद्रात पाण्याचं काय काय होतं?

फळ्यावर चौकोन काढत काढत सांगा.

पहिला टप्पा : जाळ्या. पाणी आधी लोखंडी गजांच्या जाळीतून आणि मग बारीक जाळीतून जातं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, सॅनिटरी पॅड, डायपर, गुटख्याच्या पुड्या, केस, बाटल्यांची झाकणं इथे अडकतात. खरं तर यातली एकही वस्तू संडासात किंवा मोरीत जायला नको.

दुसरा टप्पा : रेती खाली बसवणं. पाण्याचा वेग थोडा कमी केला की वाळू, बारीक खडे तळाशी जातात. हे काढलं नाही तर पंप झिजतात.

तिसरा टप्पा : संथ टाकी. मोठ्या टाकीत पाणी जवळजवळ स्थिर ठेवतात. जड गाळ खाली बसतो, तेलकट थर वर येतो. दोन्ही काढून घेतात. तरीही बीओडी फक्त एक-तृतीयांशाच्या आसपास कमी होतो, कारण बरीच घाण पाण्यात विरघळलेली असते. ती ना जाळीत अडकते, ना खाली बसते.

चौथा टप्पा : हवेची टाकी. हे केंद्राचं हृदय. इथे टाकीच्या तळातून सतत हवा सोडतात. पाणी उकळल्यासारखं खळखळत असतं. त्यात कोट्यवधी जिवाणू मुद्दाम पाळलेले असतात. जे काम ते नदीत केलं असतं, तेच इथे करतात, म्हणजे घाण खाणं. फरक एवढाच, की इथे लागणारा ऑक्सिजन नदीचा नसून यंत्राने दिलेला असतो. नदीत जे व्हायला कित्येक दिवस लागले असते, ते इथे काही तासांत होतं.

पाचवा टप्पा : पुन्हा संथ टाकी. जेवून पुष्ट झालेल्या जिवाणूंचे गोळे तयार होतात आणि खाली बसतात. वरचं पाणी नितळ होतं. बसलेल्या गाळातला काही भाग परत हवेच्या टाकीत पाठवतात. दही लावताना विरजण ठेवतो ना, अगदी तसंच! विरजण असलं की पुढचं काम लवकर होतं.

ही विरजणाची कल्पना १९१४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर इथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मांडली. मैलापाण्यात हवा सोडली की ते सुधारतं, पण वेळ फार लागतो, हे माहीत होतं. त्यांनी तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या खेपेला वापरला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आज जगभरातली असंख्य केंद्रं याच तत्त्वावर चालतात. अलीकडच्या बऱ्याच केंद्रांत भरणं, हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं हे सगळं एकाच टाकीत आळीपाळीने करतात. त्या पद्धतीला एसबीआर म्हणतात.

सहावा टप्पा : जंतू मारणं. शेवटी क्लोरीन वगैरे वापरून रोगजंतू कमी करतात. मुलांच्या 'औषध टाकतात' या उत्तराला इथे जागा आहे, पण ती अगदी शेवटची.

आणि गाळ? जास्तीचा गाळ बंद टाकीत कुजवला तर त्यातून मिथेन मिळतो, जो इंधन म्हणून वापरता येतो. उरलेला गाळ वाळवून, तपासून, योग्य असेल तर खत म्हणून वापरतात.

मुलांचा हमखास प्रश्न : "मग ते पाणी पिता येतं का?" नाही. पिण्याच्या पाण्याचं जलशुद्धीकरण केंद्र वेगळं आणि मैलापाण्याचं वेगळं. पहिलं धरणाचं पाणी माणसासाठी तयार करतं, दुसरं माणसाने वापरलेलं पाणी नदीसाठी तयार करतं. बागा, बांधकाम, शेती, कारखान्यांची शीतयंत्रणा यांसाठी मात्र योग्य प्रक्रिया केलेलं पाणी वापरता येतं.

५. उदाहरण : पुण्याच्या मुळा-मुठा

गाव कुठलंही असो, उदाहरण म्हणून एखादी खरी नदी घ्या. पुण्याच्या नद्या यासाठी चांगल्या आहेत.

मुठेवर खडकवासला धरण आहे. पावसाळा सोडला तर धरणातून नदीपात्रात फारच कमी पाणी येतं. बहुतेक पाणी शहराला आणि कालव्याने शेतीला जातं. म्हणजे उन्हाळ्यात शहरातून वाहणाऱ्या नदीत शहराने वापरून सोडलेलं पाणीच जास्त असतं. ते शुद्ध असेल तर नदी बरी, नसेल तर नदी म्हणजे नाला. इतकं सरळ नातं आहे.

शहरातली नऊ केंद्रं मिळून (भैरोबा नाला, नायडू, एरंडवणे, विठ्ठलवाडी, मुंढवा, खराडी, बाणेर, बोपोडी, तानाजीवाडी) ४७७ एमएलडी क्षमता उभी राहिली. वाढत्या शहराला ती अपुरी पडली. म्हणून जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून ९९०.२६ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला जानेवारी २०१६ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली : ११ नवी केंद्रं आणि आणखी ३९६ एमएलडी क्षमता. कामं मात्र ठरल्यापेक्षा बरीच रेंगाळली. शहर वाढायला जागा लवकर मिळते, त्याच्या मैलापाण्याला उशिरा, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

मग नकाशा काढा. संगम पुलापाशी मुळा आणि मुठा एक होतात. पुढे ही मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा उजनी धरणात येते. उजनीतून सोलापूर शहराला पिण्याचं पाणी जातं. तिथून पुढे तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि आषाढीला लाखो वारकरी तिच्यात उतरतात.

नकाशावर बोट ठेवून विचारा, "आपण संडासात पाणी ओतलं की ते शेवटी कोणाच्या दारात जातं?" हा प्रश्न कुठल्याही शहराला लागू आहे. प्रत्येक नदीला खालच्या अंगाला कोणीतरी राहतंच. शुद्धीकरण केंद्र म्हणजे वरच्या गावाने खालच्या गावाशी केलेला शेजारधर्म आहे.

६. केंद्र बांधलं की झालं का?

नाही, आणि हे मुलांपासून लपवू नये. केंद्र नदीला वाचवतं, पण काही अटींवर.

१. पाणी केंद्रापर्यंत पोचलं पाहिजे. जे मैलापाणी वाहिनीत न जाता थेट ओढ्या-नाल्यात जातं, त्याला केंद्र काहीही करू शकत नाही.

२. केंद्र रोज चाललं पाहिजे. हवा देणारी यंत्रं विजेवर चालतात. ती बराच वेळ बंद पडली तर टाकीतले जिवाणू गुदमरतात आणि विरजण बिघडतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार एमएलडी मैलापाणी तयार होतं, केंद्रांची क्षमता सुमारे ३२ हजार एमएलडी आहे, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती सुमारे २० हजार एमएलडीवर. या तीन आकड्यांचा स्तंभालेख मुलांकडून काढून घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या स्तंभातला फरक म्हणजे न बांधलेली केंद्रं. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे बांधलेली, पण पूर्ण न वापरलेली क्षमता.

३. विषारी रसायनं येता कामा नयेत. रंगकाम, धातूकाम, रासायनिक कारखाने यांचं पाणी चोरून वाहिनीत सोडलं तर जिवाणूच मरतात. म्हणून कारखान्यांना वेगळी प्रक्रिया करणं बंधनकारक आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा आहे.

४. नायट्रोजन आणि फॉस्फरसही काढले पाहिजेत. बीओडी कमी झाला तरी ही खतं पाण्यात उरली तर जलपर्णी फोफावते. हिरवागार गालिचा बघून मुलं "किती छान" म्हणतात. त्याच्याखाली ऊन पोचत नाही आणि कुजलेली जलपर्णी पुन्हा ऑक्सिजन खाते, हे तेव्हा सांगा.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात सहसा नसते. वाहिनीत पॅड, चिंध्या अडकल्या की ती तुंबते. ती मोकळी करायला माणूस खाली उतरवला जातो आणि विषारी वायूने जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही असं उतरवायला बंदी आहे, तरी त्या बातम्या थांबलेल्या नाहीत. 'संडासात कचरा टाकू नये' हा नियम नुसता स्वच्छतेचा नाही, तो कोणाच्या तरी जिवाचा आहे. मोठ्या मुलांशी हे जरूर बोला.

७. वर्गातले दोन उपक्रम

उपक्रम १ : गाळून काय जातं, काय उरतं? बादलीभर पाण्यात माती, कागदाचे तुकडे, चमचाभर तेल आणि चार चमचे साखर घाला. मुलांनी आधी चाळणीने गाळावं, मग ते पाणी अर्धा तास स्थिर ठेवावं, वरचं तेल काढावं आणि शेवटी पाणी फडक्यातून गाळावं. पाणी बरंच स्वच्छ दिसेल. मग विचारा, "साखर गेली का?" नाही. (चाखून बघायचं नाही, हे आधीच बजावा.) मग ती काढणार कोण? इथून जिवाणूंच्या टाकीकडे आपोआप जाता येतं.

उपक्रम २ : ऑक्सिजन संपताना बघा. झाकणाच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हीत कोमट पाणी आणि चमचाभर साखर. फक्त एकीत चमचाभर कोरडं यीस्ट घाला. दहा मिनिटांनी दोन्हीत मेथिलीन ब्लूचे दोन-तीन थेंब टाका आणि बाटल्या न हलवता ठेवा. प्रयोगशाळेत हा रंग असतोच. यीस्टच्या बाटलीतला निळा रंग हळूहळू फिका होईल, कारण यीस्ट ऑक्सिजन वापरून टाकतं. आता झाकण लावून बाटली जोरात हलवा. हवा मिसळली की निळा रंग परत येतो! ठेवून दिली की पुन्हा जातो. रंग गेला ती मैलापाणी आलेली नदी, आणि हलवणं म्हणजे हवेची टाकी. (कोमट पाण्यात यीस्ट वायू तयार करतं, म्हणून झाकण फक्त हलवतानाच लावा आणि लगेच सैल करा. रंगाचे डाग पडतात, हात जपा.)

जमलं तर महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी घेऊन जवळचं केंद्र मुलांना दाखवा. येणारं पाणी आणि जाणारं पाणी शेजारी शेजारी पाहिलं की दहा तासिकांचं काम होतं.

८. चर्चेसाठी आणि गृहपाठासाठी प्रश्न

१. स्वच्छ दिसणारं पाणी नदीसाठी घातक असू शकतं का? कसं?
२. तुमच्या कुटुंबाचं रोजचं सांडपाणी किती? शुद्ध न करता सोडलं तर किती लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपेल?
३. बाहेर सोडलेल्या पाण्याचा बीओडी १० ऐवजी ३० असेल, तर एका माणसामागे किती लिटर पाण्यातला ऑक्सिजन खर्च होईल? (उत्तर : ४०५ लिटर)
४. उन्हाळ्यात नदीचा वास जास्त का येतो? (सूचना : पाणी कमी, आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो.)
५. आपल्या गावाचं किंवा वॉर्डाचं मैलापाणी कुठे जातं? घरच्यांना, नगरसेवकांना किंवा ग्रामपंचायतीत विचारून लिहा.

पाचवा प्रश्न पालकांसाठीही आहे. मुलगा घरी येऊन विचारेल तेव्हा "काय करायचंय तुला" असं म्हणू नका. माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा. उरलेलं तेल मोरीत न ओतणं, पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून कचऱ्यात देणं, सोसायटीचं स्वतःचं शुद्धीकरण यंत्र असेल तर ते खरंच चालू आहे का हे मीटिंगमध्ये विचारणं, एवढं तर प्रत्येक घराला जमतं. नदीकाठी जाऊन कचरा उचलणं चांगलंच आहे. पण नदीची खरी राखण काठापासून लांब, त्या खळखळणाऱ्या टाकीत चालते. ती टाकी रोज चालू आहे का, हे विचारणारे नागरिक आपल्या वर्गातून बाहेर पडले, तर हा पाठ शिकवल्याचं चीज झालं.

पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी विचारलेले प्रश्न नक्की लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेच आपले सर्वांत चांगले प्रश्न असतात.